दोन विमानं

माझ्या बैलानं एकदा बंद पडलेली एसटी जळकोटपासून अहमदपूरपर्यंत शिंगानं ढकलत नेली होती. स्टँडवर कंडक्टर खाली उतरला आणि त्यानं बैलाचं तिकीट फाडलं. हाफ तिकीट, कारण बैल चारदाती होता, अजून सगळे दात येऊन जुळला नव्हता. दुसऱ्या एका साली मी उदगीरच्या बाजारातून वावटळीत बसून गावाकडं आलो. निघताना हातात चहाची कपबशी होती. अंगणात उतरलो तर चहाला अजून वाफ होती. बशी तेवढी वाटेत तेलंगणात पडली.

असलं सांगून सांगून मी म्हातारा झालो. पुरतं नाव विरूपाक्ष, पण ते रेशनकार्डापुरतं. गाव इरूतात्या म्हणतं. तात्यानं सांगितलेलं अंतर दहानं गुणायचं का दहानं भागायचं ते ज्याचं त्यानं बघावं, अशी म्हणच पडलीय. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. लोक हसतात, चहा पाजतात, आणखी काय पाहिजे. गेल्या वैशाखात मात्र वाटलं.

गेल्या वैशाखात शिवप्पा गेला. त्याचं माझं वावर बांधाला बांध. काही दिवस पलंगावर पडून होता; त्या दिवशी दिवेलागणीला ताटावर बसला, पहिला घास मोडला आणि कलला.

त्याला दोन लेकरं. थोरला वीरेश घरची शेती बघतो. धाकटी उज्वला नांदेडला नर्सिंग शिकायला गेली आणि तिथंच तिनं सुगतशी लग्न केलं. सुगत बौद्ध. एवढं सांगितलं की आमच्या गावात पुढचं कोणी विचारत नाही. लग्न झाल्यावर दोघं मस्कतला गेली. ती दवाखान्यात लागली, तो कुठल्याशा कंपनीत. वीरेशनं घरात बहिणीचं नाव बंद केलं. शिवप्पानंही बंद केलं, पण घरातच. बांधावर माझ्याजवळ येऊन बसला की तंबाखू मळता मळता विचारायचा,

"इरू, मस्कत किती लांब असंल रं?"

मी उज्वलाला फोन लावून नीट विचारून घेतलं होतं. "हैदराबादपासून सरळ धरलं तर बावीसशे किलोमीटरच्या आसपास. विमानाला तीन तास."

"तीन तास?"

"तीन. उदगीरहून लातूरला जाऊन यायचं म्हटलं तर एसटी त्याच्यापेक्षा जास्त खाती."

"हाड! बैलाचं तिकीट काढणारा तू. तुझं कोण ऐकावं."

हसायचा. आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा तेच विचारायचा. शेवटी शेवटी एकदा विचारलं आणि हसला नाही. म्हणाला, "कितीबी लांब असू दे. माझ्या मातीला ती पायजे. तिच्या हातची मूठभर पडू दे माझ्यावर."

आमच्याकडं शेवटच्या विधीला माती म्हणतात. अमक्याची माती किती वाजता हाय, असं विचारतात, आणि लग्नाची वेळ चुकवतील पण ती चुकवत नाहीत.

म्हणून त्या संध्याकाळी बायकांचा हंबरडा उठला तसा मी आधी मोबाईल काढला. उज्वला रडली, पण लगेच आवरली. नर्सच ती. "तात्या, रातच्या विमानाचं बघते. सकाळी हैदराबादला उतरते, तिथून गाडी करते. बिदर, उदगीर, की घर. दुपारी दोनच्या आत दारात हाय मी. तेवढं थांबवा."

"थांबवतो."

"दादा थांबंल का?"

"मी हाय ना," म्हणालो. माझ्या आजवरच्या थापांत ही मोजायची का नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सकाळी उठून मोबाईल बघतो तर तिचा आवाजातला निरोप येऊन पडलेला. एका शब्दाचा. "बसले."

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवा करून नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती फासतात, गळ्यात हार घालतात, आणि बांबूच्या कामट्यांचं मखर करून त्यात बसल्या बसल्याच खांद्यावरून नेतात. त्या मखराला विमान म्हणतात. सकाळी मी गेलो तेव्हा शिवप्पा ओसरीत भिंतीला टेकून बसला होता, जसा रोज बसायचा तसाच, आणि अंगणात लिंबाखाली वीरेश त्याचं विमान बांधत होता. सुतळीचा तोडा दातात धरून, गाठ मारून, कामटी हलवून बघायचा. काम चोख. तसा पोरगा कामाला वाईट नाही.

मांडवात पंचवीस-तीस माणसं जमली होती. वीरेशचा सासरा रामकिशन चाकूरहून आला होता आणि आल्यापासून मनगटावरचं घड्याळ उलटंपालटं करत होता. शिवमूर्ती स्वामी विधीचं सामान लावत होते. देविदास गुरुजी, आमच्या शाळेचे रिटायर मास्तर, खुर्चीवर.

मी उभ्या उभ्याच सांगितलं, "स्वामी, उज्वला येऊलालीय. दोनच्या आत पोचती. तवर थांबायचं."

भजनवाल्यांचा टाळ तेवढा वाजत राहिला.

"कुठून येऊलालीय?" रामकिशननं विचारलं. त्याला माहीत होतं.

"मस्कतहून."

"मस्कत!" तो मांडवाकडं वळला. "समुद्राच्या पल्याड. आन दोनला इथं. तात्या, वावटळीत बसवून दिलाव का तिला?"

मातीच्या मांडवात हसू नये, पण हसले. माझ्याच वावटळीनं हसले.

"विमानानं तीन तास लागतेत, पाव्हणं."

"तीन तासांत माझा चाकूरहून इथं येऊन चहा बी होत न्हाई."

"ती रातीच बसलीय. हे ऐका." मी मोबाईल काढून निरोप वाजवला. बसले.

"कशात बसली?" वीरेश मान वर न करता म्हणाला. "घरात बी माणूस बसतंय की."

पुन्हा हसले. वीरेशनं दातातली सुतळी काढली. "तात्या, तुमचा मान हाय. पर उन्हाचे दिवस हायेत. आप्पाला किती येळ असं बसवायचं?"

"अहमदपूरहून बर्फाची पेटी मागव. येती दीड तासात."

"पेटीत माणूस आडवा ठिवतेत. आपल्यात बसलेला असतो. बसलेल्याला पेटीत घालायचा तर काय मोडून घालू बापाला?"

पोरगा बोलण्यातही वाईट नाही.

"त्यानं सोताच्या तोंडानं मला सांगितलंय," मी म्हणालो. "तिच्या हातची माती पडू दे म्हणून."

"तुम्हाला सांगितलं?" वीरेश पहिल्यांदा माझ्याकडं बघत बोलला. "रोज मी त्याला अंघोळ घालायचो. मला न्हाई सांगितलं, मायला न्हाई सांगितलं, आन तुम्हाला सांगितलं. बरं."

तेव्हा देविदास गुरुजींनी खिशातून चष्मा काढला. सरळ माणूस. वाद झाला की पुरावा बघावा, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. त्यांनी मोबाईलमधला नकाशा उघडला आणि जळकोट ते मस्कत असं घातलं. गोल फिरत राहिलं. फिरून झालं आणि गुरुजींचा चेहरा पडला.

"काय म्हणतंय, गुरुजी?"

"रस्ता सापडत न्हाई म्हणतंय."

"बघा!" रामकिशन म्हणाला. "रस्ताच न्हाई."

"अहो, ते मोटारीचा रस्ता बघूलालंय. विमान घाला, विमान."

गुरुजींनी विमान घातलं. पण निघायचं ठिकाण लातूर घातलं, कारण आपला जिल्हा लातूर. शाळेच्या दाखल्यावर लिहितात तसं. मोबाईल तरी काय करील? त्यानं लातुरातून माणूस उचलला, मुंबईला नेला, तिथं बसवून ठेवला, मग आणखी कुठल्या तरी मुलखात उतरवला, तिथंही बसवून ठेवला, आणि एवढा प्रवास करून गुरुजींनी मांडवाला सांगितलं, "एक दिवस आन वर काही तास."

"हैदराबाद घाला, गुरुजी! ती हैदराबादला उतरणार हाय."

"तात्या, आपण लातूर जिल्ह्यात राहतो. हैदराबाद आपलं कवा व्हतं?"

"सत्तर-पंचाहत्तर वर्सांमागं सगळंच हैदराबाद व्हतं," मी म्हणालो, पण ते निजामाच्या बाता म्हणून सोडून देण्यात आलं.

शेवटी स्वामींनी मधे हात घातला. शिवमूर्ती स्वामी फार बोलत नाहीत. ते वीरेशला म्हणाले, "लेक हाय. दोनपर्यंत थांबायला शास्त्राची हरकत न्हाई. दोनच्या पुढं मग मी बी थांबत न्हाई."

वीरेशनं मान हलवली. सगळ्यांदेखत हलवली, म्हणून मी खाली बसलो. आतून तारामतीवयनीनं, शिवप्पाच्या बायकोनं, विचारायला लावलं: खरंच येऊलाली का? मी सांगून पाठवलं, खरंच.

ऊन चढलं. बारा वाजून गेले. टाळ थकले, बेलाची पानं सुकायला लागली. उज्वलाच्या नंबरावर फोन लावावा तर तिथली बाई परदेशी भाषेत काहीतरी म्हणायची. मला एवढं कळत होतं की पोरगी या मुलखात उतरली की तिचं तिकडचं सिम चालणार नाही. पण हे कोणाला सांगू? दोनला वेळ होता.

साडेबाराच्या सुमाराला माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. भजनाचा कल्ला, माझे कान आधीच अर्धे. गुरुजी जवळ होते, त्यांनी फोन घेतला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. टाळ थांबले.

खरखर, वारा, मोठ्यानं ओरडून बोलणारी उज्वला. "तात्या! हॅलो... विमान... विमान निघालं का? निघालं का विमान?"

"हॅलो! उज्वला, मी गुरुजी..."

"विमान निघालं का..." आणि रेंज गेली.

सगळा मांडव एकमेकांकडं बघायला लागला. गुरुजींनी फोन हळूच खाली ठेवला, एखाद्या पोराचा नापासाचा निकाल ठेवावा तसा.

"अरेरे," ते म्हणाले. "ती आपल्यालाच विचारतीय, विमान निघालं का म्हणून. म्हंजी अजून तिथंच बसून हाय बिचारी."

"मंग तेच की!" रामकिशन उठला, धोतर झटकलं. "बसले म्हणाली ती खुर्चीवर बसली. इमान तिचं, आन इचारती आम्हाला. आम्ही काय मस्कतचे स्टेशनमास्तर हावंत?"

मी उभा राहिलो. "अरे, ती तिचं विमान विचारत न्हाई! ती आपलं विमान विचारतीय. हे!" मी लिंबाखालच्या मखराकडं बोट केलं. "लिंगायताची लेक हाय ती. बापाचं विमान निघालं का म्हणून विचारतीय. ती रस्त्यात हाय, गाडीत हाय, वारा ऐकू आला न्हाई का तुम्हाला?"

एक-दोघांनी लिंबाखाली वळून बघितलं. मला वाटलं, पटलं. मग कोणीतरी मागून म्हणालं, "तात्या, हे लई भारी जमलं." आणि हशा असा फुटला की आतल्या बायकांचं रडणं थांबलं, काय झालं म्हणून.

सकाळपासून त्या मांडवात विमान विमान चाललं होतं, पण ते आभाळातलं. जे समोर बांधत होते त्याला कोणाच्या डोक्यात जागाच उरली नव्हती. आणि मस्कतला गेलेली, बाहेरच्या जातीत लग्न केलेली पोरगी विमान म्हणाली तर ती दुसरं कोणतं विमान म्हणणार? आपला शब्द तिच्या तोंडात असेल असं त्या पंचवीस-तीस माणसांत एकालाही वाटलं नाही.

एकाला वाटलं. मी वीरेशकडं बघत होतो. फोनमधून आवाज आला तेव्हा तो विमानाच्या डाव्या दांडीला शेवटची गाठ मारत होता. "विमान निघालं का" ऐकलं आणि त्याचा हात थांबला. सुतळी बोटाला वेढलेली तशीच राहिली. मग त्यानं ती ओढली, गाठ मारली, दांडी हलवून बघितली.

"स्वामी," तो म्हणाला, "ती तर अजून निघाली न्हाई. आता दोनपर्यंत थांबून तरी काय करायचं?"

स्वामींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "स्वामी, तुमच्या पायाशपथ सांगतो." त्यांनी नजर वळवली. अशाच शपथा मी बैलाच्या तिकिटालाही घातल्या होत्या, त्यांच्याच ओट्यावर बसून.

शिवप्पाला उचलून विमानात बसवलं. चौघांनी खांद्यावर घेतलं. माझा खांदा दरवेळी असतो; त्या दिवशी दिला नाही, तर रामकिशननं दिला. मला वाटलं होतं, मी खांदा नाही दिला तर अडेल. काही अडलं नाही.

वावरातल्या खड्ड्यात उतरवलं, बेल वाहिला, मीठ, विभूती घातली, एकेकानं माती लोटली. मी मात्र मूठभर माती हातात घेऊन रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. वीरेशनं ढिगाऱ्यावर बाभळीचे काटे पसरले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. लोक विहिरीवरच्या मोटारीच्या हौदावर पाय धुवायला गेले. तेवढ्यात उदगीरकडून पांढरी गाडी आली आणि बांधाच्या कडेला थांबली. अजून दोन वाजायचे होते.

उज्वला एकटीच उतरली. सुगत गाडीतच बसून राहिला; त्याला तिनं सांगितलं असावं, किंवा सांगायची गरज पडली नसावी. ती वावरातून धावत आली, चप्पल ढेकळात राहिली. ढिगारा बघितला आणि उभी राहिली.

"मी विचारलं व्हतं की," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही. "बिदर सोडलं तवा विचारलं व्हतं. ड्रायव्हरच्या फोनवरून. विमान निघालं का म्हणून."

हौदावरची माणसं पाय धुवायची थांबली. गुरुजींनी चष्मा काढला आणि उपरण्यानं पुसायला लागले, पुसतच राहिले.

ती वीरेशजवळ गेली. "दादा, तुला तरी कळलं असंल ना, मी कोणतं विमान म्हणाले ते?"

वीरेश पायावर पाणी घेत होता. डावा पाय झाला, उजवा घेतला. "कळलं व्हतं," तो म्हणाला. "मंग?"

रामकिशन खाकरला. आणि मी सांगतो, त्या 'मंग?'ला गावात अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

उज्वलानं माती उचलली. काट्यांवरून टाकावी लागली. निम्मी खाली गेली, निम्मी काट्यांत अडकली. मी काटे उचलायला वाकलो तर वीरेश म्हणाला, "तात्या, ते हलवू नका," आणि उज्वलाच म्हणाली, "राहू द्या."

घरी आली ती आईला भेटायला. सुगत गाडीतच. तारामतीवयनी ओसरीत, शिवप्पा बसला होता त्या जागेजवळ, दिव्यापुढं बसली होती. शेजाऱ्यांनी कडू घास आणला होता, पिठलं-भाकरी. वीरेशची बायको अंबिका वाढायला घेत होती. उज्वला आईच्या गळ्यात पडली नाही. गुडघ्याला हात लावून बसली. वयनीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, आंधळं माणूस फिरवतं तसा.

"कवा निघालीस, बाई?"

"राती."

"कोणत्या राती?"

"कालच्या, माय. आप्पा गेले त्या राती."

वयनीचा हात थांबला. "कालच्या राती निघालीस आन आज आलीस?"

"तीन तासांचं तर विमान हाय. मंग गाडीचं पाच-सहा तास."

"वीरेश म्हणायचा, चार रोज लागतेत. जहाज बदलावं लागतंय, ह्या देशातून त्या देशात. तिला कशी सुट्टी मिळंल, म्हणायचा. मी म्हणायचे, बरं बाबा, नोकरीची माणसं." ती थांबली. "आप्पा पलंगावर पडले तवा बी तेच म्हणाला."

"मी दिवाळीला आले व्हते," उज्वला म्हणाली. "उदगीरपर्यंत. लॉजवर राहिले. दादा फोनवर म्हणाला, आप्पा तुझं तोंड बघणार न्हाईत, माघारी जा."

दारात वीरेश उभा होता. वयनीनं त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "लोकाला काय तोंड दाखवायचं व्हतं, माय? तू सांग." आणि आत गेला. अंबिका वाढलेलं ताट हातात धरून उभीच.

मला वाटलं, आता म्हातारी लेकाला काही म्हणेल. तिनं म्हटलं नाही. त्याच्या घरात तिला राहायचं होतं. ती माझ्याकडं वळली. मी उंबऱ्याशी बसलो होतो.

"तात्या, तुम्हाला ठाव व्हतं तीन तासांचं?"

"व्हतं, वयनी."

"मंग मला कामून सांगितलं न्हाई?"

सांगितलं होतं. संक्रांतीला सांगितलं होतं, नागपंचमीला सांगितलं होतं, शिवप्पा पलंगावर पडला त्या आठवड्यात ह्याच उंबऱ्यावर बसून सांगितलं होतं. दरवेळी ती पदर तोंडाला लावून हसली होती आणि आत वळून म्हणाली होती, अंबिका, तात्याला चहा ठिव गं.